पंचांना विचारा : मोठेपणा मागून मिळत नाही

मुंबईच्या मैदानांवर मी एकतीस वर्षं पंच म्हणून उभा राहिलो. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क. पावसाळ्यात कांगा लीग, एरवी शाळा-कॉलेजच्या स्पर्धा. कसोटीत जे घडतं ते आठ दिवसांत मैदानावर उतरतं, हे मी जवळून पाहिलं आहे. टीव्हीवर कुणी अपील करत पंचांच्या अंगावर धावून गेला, की पुढच्या रविवारी चौदा वर्षांचा पोरगा तसाच माझ्याकडे धावत यायचा. म्हणून कसोटीतल्या वागण्याबद्दल प्रश्न आले की मी ते बाजूला टाकत नाही. या महिन्यात बहुतेक पत्रं त्याच विषयावरची आहेत.

प्रश्न : आंतरमहाविद्यालयीन सामन्यात मी गोलंदाजी करत होतो. नॉन-स्ट्रायकर, म्हणजे माझ्या टोकाला उभा असलेला फलंदाज, दर चेंडूला तो सुटायच्या आधीच दोन-तीन फूट पुढे निघत होता. मी थांबलो, बेल्स उडवल्या, अपील केलं. पंचांनी आउट दिलं. पण आमचे कोच बाहेरून ओरडले, "अपील मागे घ्या." कॅप्टननं घेतलं. आम्ही चार धावांनी हरलो. आता टीममध्ये माझ्याशी कुणी धड बोलत नाही. माझं चुकलं का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : नाही. तुझं काहीही चुकलेलं नाही, आणि हे मी पंच म्हणून सांगतो आहे.

डिसेंबर १९४७ मध्ये सिडनीच्या कसोटीत विनू मंकड यांनी ऑस्ट्रेलियाच्या बिल ब्राउनला असंच धावचीत केलं. त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात ब्राउन असाच पुढे निघाला होता. तेव्हा मंकडांनी त्याला एकदा बजावलं, आणि तरी तो सुधारला नाही म्हणून बाद केलं. म्हणजे कसोटीपर्यंत त्याला पुरता धडा मिळालेला होता. तरी पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं लोकांनी आळ घेतला तो मंकडांवर. बाद होण्याच्या त्या प्रकाराला त्यांचं नाव चिकटवलं, तेही शिवी दिल्यासारखं. समोरच्या संघाचे कर्णधार होते खुद्द डॉन ब्रॅडमन. त्यांनी आत्मचरित्रात मंकडांची बाजू घेतली, पण ते कोण आठवतो? सुनील गावसकर हा शब्द वापरायला ठाम नकार देतात, त्याचं कारण हेच. मीही वापरत नाही. तूही वापरू नकोस. धावचीत म्हण.

ऑक्टोबर २०२२ पासून तर नियमांच्या पुस्तकातही हा प्रकार 'अनुचित खेळ' या कलमातून काढून साध्या 'धावचीत'च्या कलमात ठेवला आहे. तुला पाळायचं आहे ते एवढंच : चेंडू टाकताना हात वर जाऊन सोडण्याच्या जागी पोचला, की मग ही संधी संपली. त्याआधी तो क्रीजबाहेर असेल तर आउट. एकदा आधी सांगावंसं वाटलं तर सांग. तो तुझा चांगुलपणा, बंधन नाही.

आणि तुझ्या कोचसरांना माझा नमस्कार सांगून हेही सांग, की अपील मागे घ्यायचा अधिकार फक्त मैदानावरच्या कर्णधाराला आहे, तोही पंचांच्या संमतीनं. सीमारेषेबाहेरून तो कुणालाच नाही.

प्रश्न : १९८० च्या मुंबई कसोटीत आपला कर्णधार विश्वनाथनं आउट दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं, ही गोष्ट मी चाळीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आलो. परवा नातवाला सांगितली तर तो म्हणाला, "आजोबा, आपण ती मॅच हरलो ना? मग तो मूर्खपणाच होता." मला उत्तर सुचलं नाही.
– एक निवृत्त शिक्षक, पुणे

उत्तर : सर, त्या दिवशी मी वानखेडेवर होतो. सतरा वर्षांचा होतो, मामानं कुठून तरी तिकीट आणलं होतं. भारतीय क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवासाठी इंग्लंडचा संघ एका कसोटीपुरता आला होता. १६ फेब्रुवारीला सूर्यग्रहण होतं म्हणून सामन्याला मधेच सुट्टी दिली होती. त्या दिवशी आमच्या चाळीत सगळे दारं-खिडक्या लावून बसले होते, आणि मी मात्र उद्या काय होणार या विचारात.

भारताच्या २४२ धावा झाल्या होत्या. इंग्लंडची अवस्था ५ बाद ५८. सामना हातात आला असं आम्ही धरूनच चाललो होतो. खेळत होते इयान बोथम आणि यष्टिरक्षक बॉब टेलर. कपिलचा एक चेंडू, मागे झेल, जोरदार अपील, आणि पंच हनुमंत राव यांचं बोट वर. स्टँडमध्ये आम्ही उड्या मारत होतो. मग दिसलं की टेलर जागचा हलत नाही. स्लिपमधून विश्वनाथ पंचांकडे चालत गेले. काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. टेलर पुन्हा बॅटिंगला उभा राहिला तेव्हा माझ्या आजूबाजूचे लोक चिडले होते. मीसुद्धा चिडलो होतो, ते लपवत नाही.

टेलर आणि बोथम यांनी सहाव्या विकेटसाठी १७१ धावा जोडल्या. बोथमनं ११४ केल्या, टेलरनं ४३. इंग्लंडला ५४ धावांची आघाडी मिळाली, मग आपण १४९ मध्ये आटोपलो आणि इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं.

नातवाला दोन गोष्टी सांगा. एक म्हणजे, ती भागीदारी महागात पडली हे खरंच. पण बोथमनं त्या सामन्यात तेरा बळी घेतले. दुसऱ्या डावात ४८ धावांत सात. ते सात बळी काही विश्वनाथनी बहाल केले नव्हते. आपण हरलो ते बोथमकडून.

दुसरी गोष्ट मला कळायला स्वतः पंच व्हावं लागलं. पहिल्या स्लिपमध्ये उभ्या माणसाला बॅट आणि चेंडू यांच्यातली फट पंचापेक्षा कितीदा तरी चांगली दिसते. विश्वनाथना दिसलं होतं की कड लागलेली नाही. म्हणजे टेलर आउट नव्हताच. त्यांनी इंग्लंडला काही दान दिलं नाही. जे खरं होतं ते सांगितलं, आणि ते सांगितल्यानं आपलं नुकसान होणार हे माहीत असून सांगितलं. नातवानं शाळेत पेपर तपासून मिळाल्यावर 'बाई, मला दोन मार्क जास्त दिलेत' असं कधी सांगितलं असेल, तर त्याला हे समजेल.

माझ्या वाट्याला असं एकदाच आलं. कांगा लीगचा सामना, क्रॉस मैदान, भुरभुर पाऊस. मागे झेल गेला, आवाज आला, मी आउट दिलं. बॅट्समन तंबूच्या वाटेला लागला होता. स्लिपमधला कर्णधार माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, नाही लागली. पॅडचा आवाज होता." मी फलंदाजाला परत बोलावलं. कर्णधाराच्या स्वतःच्या पोरांनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला अजून आठवते. ते हरलेही. पण त्या रात्री मी शांत झोपलो. तो गप्प राहिला असता तर एका मुलाचा डाव मी खोट्या निर्णयानं संपवला असता आणि ते मला कधी कळलंही नसतं. त्याचे आभार मानायचे राहून गेले. पुढच्या मोसमात तो मुंबई सोडून गेला होता.

प्रश्न : २०२३ च्या लॉर्ड्स कसोटीत इंग्लंडच्या बेअरस्टोला ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक कॅरीनं बाद केलं, त्यावरून इथल्या ऑफिसात अजून वाद होतात. २०११ मध्ये धोनीनं इंग्लंडच्या इयान बेलला परत बोलावलं होतं. मग ऑस्ट्रेलियाचा कर्णधार कमिन्सनं का नाही बोलावलं? मी मेलबर्नला राहतो, त्यामुळे माझी पंचाईत होते.
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : तुमची पंचाईत व्हायचं कारण नाही. बेअरस्टो आउट होता. ग्रीनचा उसळता चेंडू त्यानं खाली वाकून सोडला, पायानं क्रीजवर खूण केली आणि पंचांकडे न बघता चालू लागला. कॅरीनं चेंडू हातात घोळवला नाही. आला तसा यष्ट्यांवर फेकला. चेंडू 'मृत' व्हायला तो यष्टिरक्षकाच्या हातात पुरता स्थिरावावा लागतो, किंवा खेळ थांबला आहे असं दोन्ही बाजूंनी धरलेलं असावं लागतं. हातात तो स्थिरावला नव्हता. आणि खेळ थांबला असं एकाच बाजूनं धरलं होतं.

आता धोनी. ट्रेंट ब्रिजला चहापानाआधीच्या शेवटच्या चेंडूवर बेल १३७ वर खेळत होता. मॉर्गननं मारलेला चेंडू सीमेपार गेला असं समजून तो चहाला निघाला. चौकार झालेला नव्हता. प्रवीणकुमारनं चेंडू अडवून परत फेकला, अभिनव मुकुंदनं बेल्स काढल्या, आउट. चहापानात इंग्लंडचे कर्णधार स्ट्रॉस आणि प्रशिक्षक फ्लॉवर आपल्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. आपल्या संघानं आपसात बोलून अपील मागे घेतलं. चहानंतर आपले खेळाडू मैदानात उतरले तेव्हा प्रेक्षक हुर्यो करत होते, आणि मागून बेल येताना दिसला तसे तेच प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बेलनं १५९ केल्या, आपण ३१९ धावांनी हरलो.

हा प्रकार विश्वनाथच्या प्रकारापेक्षा वेगळा आहे, आणि लोक नेमकी इथेच गल्लत करतात. टेलर आउट नव्हता. बेल मात्र नियमानं शंभर टक्के आउट होता आणि चूक त्याची स्वतःची होती. विश्वनाथनी सत्य सांगितलं. धोनीनं हक्काची वस्तू सोडून दिली. पहिली गोष्ट मी प्रत्येक खेळाडूकडून अपेक्षितो. दुसरी कुणाकडूनही मागता येत नाही. दिली तर हात जोडावेत, नाही दिली तर नावं ठेवू नयेत. कमिन्सनं दिली नाही. एवढंच घडलं.

त्या दिवशी लॉर्ड्सवर खरं लाजिरवाणं काही झालं असेल तर ते लाँग रूममध्ये, म्हणजे खेळाडू ज्यातून मैदानात ये-जा करतात त्या सभासदांच्या दालनात. जेवणाच्या सुट्टीत ऑस्ट्रेलियाचे खेळाडू तिथून जात असताना क्लबच्या सभासदांनी त्यांना शिव्या घातल्या, तिघांना नंतर निलंबित करावं लागलं. दुसरीकडे इंग्लंडचा कर्णधार स्टोक्सनं राग बॅटमधून काढला, १५५ धावा केल्या, आणि इंग्लंड ४३ धावांनी हरलं. त्या रागाबद्दल मला आदर आहे.

प्रश्न : २०२५ च्या मँचेस्टर कसोटीत सामना अनिर्णित म्हणून लवकर संपवायला स्टोक्सनं हात पुढे केला आणि आपल्या जडेजा-सुंदरनं खेळत राहायचं ठरवलं. हे खिलाडूपणाला धरून होतं का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : पूर्णपणे. सामना लवकर थांबवायला दोन्ही कर्णधारांचा होकार लागतो. जडेजा ८९ वर आणि सुंदर ८० वर होता. पराभवाच्या तोंडातून सामना ओढून आणणाऱ्या दोघांना शतकाचा हक्क होता, आणि दोघांनी ते पूर्ण केलं. स्टोक्सनं विचारलं यातही काही वावगं नव्हतं. नकार आल्यावर विषय तिथेच संपायला हवा होता.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, फलंदाजी करतो. गेल्या स्पर्धेत यष्टिरक्षक आणि स्लिपमधली मुलं त्याला सतत घाणेरड्या शिव्या देत होती, माझ्या नावानंही. तो रडत घरी आला. त्याचे सर म्हणाले, "हे स्लेजिंग आहे, खेळाचा भाग आहे. खडूस व्हायला शिक." आता तो खेळायला जायला नको म्हणतो.
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मुलाला सांगा, तू रडलास यात काही कमी नाही.

'खडूस' हा आमच्या मुंबईच्या मैदानातला शब्द, आणि तो असा वापरला जातो याचं मला वाईट वाटतं. खडूस म्हणजे विकेट फेकायची नाही. ओल्या खेळपट्टीवर छातीवर चेंडू घ्यायचा आणि पुढच्याला पुन्हा उभं राहायचं. समोरच्याला एक धाव फुकट द्यायची नाही. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातली चुरस काय होती हे जुन्या लोकांना विचारा. त्या खडूसपणात आईवरून शिवी कधीच नव्हती.

नियमही स्पष्ट आहे. अश्लील किंवा अपमानास्पद बोलणं हा २०१७ पासून खेळाडूंच्या वर्तनाच्या कलमात नोंदलेला गुन्हा आहे. पहिल्यांदा संघाला ताकीद, पुन्हा केलं तर समोरच्या संघाला पाच धावा. मुलानं काय करायचं? उत्तर द्यायचं नाही, बॅटिंग थांबवायची आणि थेट पंचांना सांगायचं. याला चुगली म्हणत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत सीमेवर उभ्या असलेल्या मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून वंशद्वेषी शिव्या आल्या, तेव्हा त्यानं हेच केलं. त्या दौऱ्यातच त्याचे वडील गेले होते आणि तो घरी न जाता थांबला होता. तो कर्णधार अजिंक्य रहाणेकडे गेला, रहाणे पंचांकडे, आणि खेळ थांबला. काही प्रेक्षकांना बाहेर काढलं. मैदान सोडायचं असेल तर सोडा, असं पंच म्हणाले होते आणि अजिंक्यनं आम्ही खेळणार म्हणून सांगितलं, हे सिराजनंच नंतर सांगितलं आहे.

पुढचं मुलाला मुद्दाम सांगा. दहा दिवसांतच ब्रिस्बेनला तीच मालिका आपण जिंकली. गाबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरला नव्हता. कप घेण्याच्या वेळी रहाणेनं काय केलं? नॅथन लायनची ती शंभरावी कसोटी होती. भारतीय खेळाडूंच्या सह्या असलेली जर्सी रहाणेनं त्याला दिली. डोंबिवलीत वाढलेला हा मुलगा, आवाज न चढवता सगळं करतो. त्याच्याहून खडूस कोण आहे मला दाखवा.

रागाचं काय करायचं, हाही प्रश्न मुलाला पडेल. गावसकरांसारख्या माणसालाही तो आवरला नव्हता. १९८१ ची मेलबर्न कसोटी. चेंडू आधी बॅटला लागला असं त्यांना वाटत होतं आणि लिलीच्या गोलंदाजीवर त्यांना पायचीत दिलं. जाताना मागून आलेल्या बोलण्यानं ते भडकले, असं त्यांनीच सांगितलं आहे. उलटे फिरले आणि चेतन चौहानलाही बरोबर घेऊन निघाले. चौहान आपल्या महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला, शांत माणूस. सीमारेषेशी व्यवस्थापक दुर्राणी उभे होते. त्यांनी चौहानला आत पाठवलं. तो सीमेबाहेर गेला असता तर सामनाच हातचा गेला असता. मग काय झालं? दुखऱ्या मांडीनं गोलंदाजी करत कपिलनं २८ धावांत पाच बळी घेतले, ऑस्ट्रेलिया ८३ मध्ये गारद, आपण ५९ धावांनी जिंकलो. गावसकरांनी आपल्या त्या वागण्याबद्दल पुढे उघडपणे खेद व्यक्त केला. मला त्या खेदाची किंमत त्यांच्या एखाद्या शतकाइतकी वाटते.

मुलाला पुढच्या रविवारी मैदानावर न्या. आणि सरांशी तुम्ही स्वतः बोला.

प्रश्न : पंचकाका, मी नऊ वर्षांची आहे. सोसायटीच्या मॅचमध्ये माझ्या बॅटला बॉल लागला, मागे कॅच घेतला, पण अंपायर नॉट आउट म्हणाला. मला माहीत होतं की लागला. मी गेले नाही. माझी मैत्रीण म्हणते मी रडीचा डाव खेळले. मी जायला पाहिजे होतं का?
– ठाणे

उत्तर : बाळ, आधी एक सांगतो. नियम म्हणतो, पंचांचा निर्णय आला की तो पाळायचा. म्हणून तू नियम मोडला नाहीस आणि रडीचा डाव खेळली नाहीस. २०१३ मध्ये इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या बॅटला लागून चेंडू स्लिपपर्यंत गेला, सगळ्या जगाला दिसलं. पंच आउट म्हणाले नाहीत, तो थांबला, आणि इंग्लंड १४ धावांनी जिंकलं. पुष्कळ लोक त्याला रागावले. मी रागावलो नाही. त्यानं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं.

पण तुला दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. १९७७ मध्ये मेलबर्नला कसोटी क्रिकेटला शंभर वर्षं झाली म्हणून मोठा सामना झाला. इंग्लंडचा डेरेक रँडल १६१ वर होता. ऑस्ट्रेलियाचा यष्टिरक्षक रॉड मार्शनं झेल घेतला, पंचांनी आउट दिलं, रँडल निघालाही. मार्श म्हणाला, नाही, चेंडू आधी जमिनीला लागला. रँडलला परत बोलावलं. सामना किती अटीतटीचा होता माहीत आहे? ऑस्ट्रेलिया फक्त ४५ धावांनी जिंकलं. रँडल आणखी थोडा वेळ टिकला असता तर मार्शचा संघ हरलाही असता. तरी तो बोलला, कारण चेंडू त्याच्या हातात होता आणि त्याच्याइतकं खरं कुणालाच माहीत नव्हतं.

तुझ्या बॅटला लागलं तेही तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. जायचं की नाही हे मी तुला सांगणार नाही, मैत्रिणीनंही सांगायचं नाही. पुढच्या वेळी असं झालं तर तूच ठरव, आणि काय केलंस ते मला पत्रातून कळव. मी वाट बघतो.